रटाळ गेम आणि ताईचा अंगठा

मित्रांनो, मी एक जुना जपानी व्हिडिओ गेम आहे आणि रटाळ आहे. लोक हे पाठीमागे बोलतात, मी तोंडावर सांगतो. माझ्यात एक फाटका योद्धा राक्षसाच्या किल्ल्याकडे निघतो. चार पावलं टाकली की चिखलाचा गोळा आडवा येतो. त्याला मारा, चार पावलं चाला, पुन्हा गोळा. असे शेकडो गोळे मारल्याशिवाय योद्ध्याच्या अंगात बळ येत नाही. जायचं कुठे ते मी धड सांगत नाही, आणि सांगतो तेही जपानीत!

मला घडवणाऱ्यांकडे जागा इवलीशी होती. तेवढ्यात त्यांनी डोंगर, समुद्र, सात गावं आणि एक गोड धून कोंबली. शिवाय एक गुण दिला, ज्याची कुणी कदर केली नाही. मी थांबतो. तुम्ही बटण दाबेपर्यंत माझा राक्षसही हात उचलत नाही.

मला ज्या घरी आणलं, तिथल्या धाकट्याने दोन दिवसांत माझी कॅसेट ड्रॉवरमध्ये फेकली. "हा गेम आहे की शिक्षा?"

त्याची ताई कपड्यांच्या कारखान्यात कापड कापायची. तिचा उजवा अंगठा मशीनमध्ये सापडला. जखम भरली, पण अंगठा लाकडासारखा झाला. कारखान्यातले कटिंग मास्तर म्हणाले, "दोन महिने जागा ठेवतो. पुढे माझा नाइलाज आहे." डॉक्टरीणबाईंनी रबरी चेंडू दिला, रोज पाचशे वेळा दाबायला. अकराव्या वेळी ताईने तो भिंतीवर भिरकावला. मग तिने धाकट्याचे गेम लावून पाहिले. तिचं बोट हलायच्या आत ते तिला मारून मोकळे होत.

शेवटी तिने मला लावलं. मी थांबलो. पहिला गोळा मारताना ती घामाघूम झाली.

"ताई, डाव्या हाताने दाब की!"

"गप रे. ह्याला उजव्यानेच लोळवणार."

आई वैतागली. "किती वेळ तेच तेच, बाई?"

"मोजतंय कोण?"

मी मोजत होतो. त्या दिवशी तिने नऊशे वेळा बटण दाबलं.

एका गुहेत मी तिला दोन दिवस उगाच फिरवलं. तिने मला शिव्या घातल्या, त्या योग्यच होत्या. पण बटण सोडलं नाही. सातव्या आठवड्यात ती किल्ल्याच्या दारात पोचली आणि त्याच सकाळी कारखान्यात गेली. संध्याकाळी सुजलेला अंगठा नाचवत आली. "कापडाचे आठ थर कापले, सरळ! मास्तर म्हणाले, उद्यापासून ये!"

मग मी पुन्हा ड्रॉवरमध्ये. वर्षं गेली. खेळ कुठवर आला ते लक्षात ठेवणारा माझ्या पोटातला सेल मेला, किल्ल्यापर्यंतची सगळी वाट पुसली गेली. मित्रांनो, गेम सुरू होत नाही म्हणून कॅसेटच्या तोंडात फुंकर मारू नका, थुंकीने पिना गंजतात. आणि सावकाश चालणाऱ्याला टाकाऊ म्हणू नका. मला राग येतो.

परवा ताईने मला बाहेर काढलं, रेडिओवाल्याकडून नवा सेल बसवून आणला.

"सगळं गेलं गं," धाकटा हळहळला. "आता पहिल्यापासून?"

"मग काय झालं? अंगठा आहे ना!"

चार पावलं झाली. चिखलाचा गोळा समोर आलाय. मी थांबलोय.