चुकीच्या बाजूचा पूल

आयतं हाती आलेलं काहीही उलटसुलट करून पाहायची सवय थोरलीला वडिलांकडूनच लागली होती. ते लिफ्ट-मेकॅनिक. तक्रार नसलेली लिफ्ट आधी तपासायची, असा त्यांचा शिरस्ता. त्यामुळे ते गेल्यावर त्यांच्या सामानाची आवराआवर करताना धाकटा भाऊ म्हणाला, "जुन्या कॅसेट सगळ्या तू ने, ताई. मला फक्त तो डबा राहू दे," तेव्हा तिच्या मनात पाल चुकचुकली.

डबा म्हणजे व्हिडिओ गेमचा कन्सोल, तोही स्वस्तातला. वर पाच खाचा. पाच तऱ्हांच्या जुन्या कॅसेट त्यात चालत. प्लास्टिक इतकं हलकं की कंट्रोलरची वायर जरा ओढली की अख्खा डबा टेबलावरून सरकत यायचा. भावंडांच्या लहानपणीचं खरं मशीन कधीच बंद पडलं होतं, म्हणून वडिलांनी निवृत्तीनंतर हा आणला. कॅसेट मात्र त्यांनी जपल्या होत्या. एकोणीस, प्रत्येक वेगळ्या कापडी पिशवीत. आता तसल्या शोधून मिळत नाहीत. त्या सोडून डबा मागणारा माणूस साधू तरी असावा, नाहीतर लबाड. आणि धाकटा साधू नव्हता. लहानपणी शेवटचं बिस्किट चाटून परत डब्यात ठेवणाऱ्यांतला तो.

तिला खरी हवी होती एकच कॅसेट. नदीकाठी गाव वसवायचा खेळ होता तो. वडील दोन वर्षं तोच खेळत आणि दर रविवारी फोनवर गावच्या बातम्या देत. गिरणी सुरू झाली, शाळेवर मजला चढला. ती हो हो करायची. ते गाव तिने एकदाही पाहिलं नव्हतं. आता पाहायचं होतं. त्यांच्या हातचं दुसरं काही उरलं नव्हतं.

"त्याने कॅसेट बदलल्या तर नसतील?" तिने आईला फोनवर विचारलं. "हुबेहूब नकली मिळतात म्हणे."

"महिना झाला नाही अजून त्यांना जाऊन," आई म्हणाली. "आधी रडून तरी घे."

रडू येत नव्हतं. शंका येत होत्या, आणि शंकेचा निदान माग काढता येतो.

जुने गेम दुरुस्त करणाऱ्याच्या दुकानात ती पिशवी घेऊन गेली. दुकानदाराने बारीक स्क्रू काढून कॅसेट उघडली आणि चष्मा कपाळावर सरकवून आत पाहिलं. "माल अस्सल आहे. खेळलेलं जपून ठेवणारा आतला सेलसुद्धा जिवंत. कुणी हात लावलेला नाही." मग त्याने ती आपल्याकडच्या जुन्या मशीनमध्ये लावली.

पडद्यावर चार झोपड्या आल्या, एक विहीर, आणि वर तिचं घरातलं लाडकं नाव. अकराव्या वर्षी तिने अर्धवट सोडलेलं गाव होतं ते. वडिलांचं कुठेच नव्हतं.

"पुसलंय," ती म्हणाली.

"पुसलं असतं तर तुमचं राहिलं असतं का? वडील खेळायचे कशावर?"

तिने डब्याचं वर्णन केलं. तो हसला. "मग इथे काय शोधताय, मॅडम? तो डबा कॅसेट वाचतो, खेळाची नक्कल आत उतरवून घेतो आणि ती नक्कलच खेळवतो. माणूस जे काही करेल ते डब्यात साठतं. कॅसेटच्या गावीही नसतं."

"हे डबा वापरणाऱ्याला ठाऊक असतं?"

"तो लावून देणाऱ्याला असतंच."

डबा लावून दिला होता धाकट्याने. म्हणजे दाणे त्याने ठेवले आणि टरफलं, एकोणीस पिशव्यांत घालून, तिला दिली.

तिथून ती तडक वडिलांच्या घरी गेली. त्यांच्या खोलीत डबा टेबलावरच होता, आणि धाकटाही तिथेच.

"लाव," ती म्हणाली.

"आज नको, ताई."

"का? उद्या बिघडणार आहे?"

त्याने लावला. गाव उजळलं. घरांच्या ओळी, दुमजली शाळा, गिरणी, नदीवर पूल. ती कितीतरी वेळ बघत राहिली. फोनवर ऐकलेलं सगळं तिथे होतं.

"यात लपवण्यासारखं काय होतं?"

"हे बाबांचं नाही," धाकटा म्हणाला.

ती वळून बघेपर्यंत तो बोलायला लागला होता. "ते दवाखान्यात गेले तोवर डबा मध्येच अडकायला लागला होता. म्हटलं, येईपर्यंत ठीक करू. नवीन सॉफ्टवेअर टाकलं आणि आतलं सगळं गेलं. कॅसेटमधलं तुझं चार झोपड्यांचं गाव तेवढं वर आलं. मग अकरा दिवस रजा टाकली. आठवेल तसं बांधत गेलो. रोज शेजारी बसायचो गं त्यांच्या, पण डोकं मोबाईलमध्ये. शाळा जमली, गिरणी जमली. पूल चुकला."

"त्यांना दिसलं?"

"आल्या आल्या. म्हणाले, पूल इकडे कसा? मी म्हटलं, तुम्हीच बांधलात. परत विचारलं, परत तेच सांगितलं. मग म्हणाले, असेल. त्यानंतर कंट्रोलर हातात घेतला नाही."

कुठल्या इमारतीत कुठली तार कुठून जाते, हे झोपेतून उठवलं तरी सांगणारा माणूस. तो ‘असेल’ म्हणाला होता.

तिला तो रविवार आठवला. "डोकं चालेनासं झालंय," वडील फोनवर म्हणाले होते. "स्वतः बांधलेला पूल आठवत नाही." ती तेव्हा ऑफिसचं काही वाचत होती. "वयाच्या मानाने ठीकच आहे की, बाबा," असं म्हणून तिने फोन ठेवला होता.

"तुला काही बोलले का?" धाकट्याने पडद्याकडे बघतच विचारलं. "एवढंच सांग. कळलं होतं त्यांना?"

"कळलं होतं," ती म्हणाली. "म्हणाले, धाकट्याने उद्योग करून ठेवलाय. पण जीव ओतून केलंय, म्हणून बोललो नाही."

धाकट्याने तिच्याकडे पाहिलं. दुकानदाराने कॅसेटमध्ये पाहिलं होतं तसं. "असंच म्हणाले?"

"असंच."

"मग इतके दिवस बोलली का नाहीस?"

"तू बोललास?"

तो पडद्यावरच्या पुलाकडे वळला. "पूल खरा कुठे होता, ते म्हणाले?"

"गिरणीच्या वरच्या अंगाला." हे मात्र तिला खरंच माहीत होतं, पूल झाला त्या रविवारी वडिलांनी अर्धा तास त्याचंच पुराण लावलं होतं.

धाकट्याने कंट्रोलर पुढे केला. "तू हलव."

"राहू दे. त्यांनी शेवटी पाहिला तो हाच."

त्यानंतर दर रविवारी धाकट्याचा फोन येऊ लागला. इकडचं तिकडचं झालं की तो सहज विचारल्यासारखं विचारायचा, "बाबा नेमकं काय म्हणाले होते गं?" थोरली दर वेळी तेच शब्द सांगायची, त्याच क्रमाने. तिने ते पाठ करून ठेवले होते.