पॅरिसचा हेर आणि आमचा व्यंकटी

लातूर जिल्हा झाला आणि पाऊस रुसला, दोन्ही एकाच साली. गावाला सरकारी बोअर एकच मिळणार होतं. ते आमच्या बौद्ध वस्तीत पडलं तर पाणी आमच्या हातात. आप्पासाहेबांच्या आळीत पडलं तर घागरी घेऊन पुन्हा त्यांच्या दारात ताटकळायचं. माझ्या सासूचा जन्म त्यातच गेला होता.

वस्तीची बाजू मांडायला रामकिशन सर. चाकूरच्या शाळेत इतिहास शिकवायचे, आणि नववीला तेव्हा अमेरिकेचं स्वातंत्र्ययुद्ध चाललं होतं. त्यामुळे बोअरच्या बैठकीतही अमेरिका यायचीच.

"इंग्रजांशी लढायचं, पण बंदुका न्हाईत, बारूद न्हाई," सर सांगायचे. "मग फ्रँकलिन वकील होऊन पॅरिसला गेला, फ्रान्सच्या राजाकडं मदत मागायला. आन् त्याच्याच घरात ऊठबस करणारा, कागद लिहिणारा भरवशाचा माणूस इंग्रजांचा हेर. सगळी बातमी लंडनला."

"मग फ्रान्सनं मदत दिली का न्हाई?" मी विचारलं.

"दिली की. फौज दिली, आरमार दिलं."

"मग हेरानं काय वाकडं केलं?"

"कोंडाबाई, मुद्दा तो न्हाई," सर चिडले.

मुद्दा होता व्यंकटी. राहायचा आमच्यात, पण सालगडी आप्पासाहेबांचा. आम्ही लातूरला अर्ज दिला आणि लगेच आप्पासाहेबांचाही अर्ज गेला. बातमी फोडली कुणी? सर स्वतःच एसटीत अख्ख्या गाडीला ऐकू जाईल असं बोलले होते, हे मी सांगून पाहिलं. पण संशय एकदा डोक्यात शिरला की लवकर निघत नाही. व्यंकटी बैठकीतून लवकर उठला तर बातमी द्यायला गेला, उशिरापर्यंत बसला तर बातमी घ्यायला थांबला. मला सरांचा राग यायचा. आणि खोटं कशाला बोलू, मीही त्याच्यासमोर जपून बोलू लागले होते.

अर्ज आमचा मंजूर झाला. केरबा आमचा पानाड्या, जमिनीखालचं पाणी हुडकणारा. तळहातावर आडवा नारळ घेऊन तो विहारामागे फिरला आणि एका जागी नारळ उभा राहिला. ती जागा सरांनी आणि केरबानं दोघांतच ठेवली. मलाही सांगितली नाही. व्यंकटीनं विचारलं तेव्हा मात्र सरांनी त्याला बाजूला नेऊन हळूच सांगितलं, "जळक्या लिंबाखाली. कुणापाशी बोलू नको."

तो गेल्यावर सर मला म्हणाले, "लिंबाखाली खडक हाय नुसता. बघा आता, लिंबाचं नाव आप्पासाहेबाच्या तोंडून निघतंय का न्हाई."

निघालं नाही. बोअरची गाडीच ठरल्याच्या आधी आली. सर आणि केरबा लातूरला गेले होते, आम्ही बाया रोजगार हमीच्या खडीवर. हुकूम वस्तीचा होता, पण जागा दाखवायला वस्तीत कुणीच नव्हतं. आप्पासाहेबांच्या माणसांनी गाडी आपल्या आळीकडे वळवली.

आम्ही परतलो तेव्हा गाडी निघून गेली होती. जळक्या लिंबाखाली बोअरमधून निघालेल्या खडकाच्या पांढऱ्या भुकटीचा ढीग होता, आणि शेजारी डोक्याला फडकं बांधून व्यंकटी बसला होता. तेवढ्यात सर आणि केरबाही एसटीतून उतरून आले.

"सर, चाकापुढं आडवा पडलो," व्यंकटी म्हणाला. "मारलं त्यांनी, पण गाडी हिकडंच आणली. बोअर लई खोल नेलं. पाणी न्हाई लागलं."

सरांनी हातातली पिशवी खाली ठेवली.

"मालकानं कामावरून काढलं. उद्यापासून मोकळाच हाय म्या. पुन्यांदा अर्ज द्यायला लातूरला जायचं असंल, तर येतो संगं."

केरबा भुकटी हातात घेऊन उभा होता. "आरं, पण लिंबाखाली कशाला?" तो म्हणाला. "ही जागा तुला सांगितली कुणी?"

"सरांनी," व्यंकटी म्हणाला. त्या रक्तानं माखलेल्या तोंडावर मला चक्क अभिमान दिसला. "फकस्त मलाच सांगितली व्हती."