सातजण घरी आले

युसुफने सही केली ती कागद मिळाल्याची पोच म्हणून. निदान त्याला तसं वाटलं.

तो एका लहान मालवाहू जहाजावर ऑइलर होता, इंजिनाचं तेलपाणी बघायचा. आखातातल्या एका बंदराबाहेर जहाज नांगरून असताना मालकाच्या कुठल्याशा भांडणात तिथल्या कोर्टाने ते जप्त केलं. मालक फोन उचलेना. कप्तान आजारी म्हणून आधीच उतरला होता. कोर्टाचा माणूस लाँचमधून आला आणि उरलेल्या आठजणांना त्याने विचारलं, तुमच्यात वयाने मोठा कोण? सगळ्यांनी बेचाळीस वर्षांच्या युसुफकडे बोट केलं. कागद अरबीत होता. लहानपणी मदरशात शिकल्यामुळे युसुफला अक्षरं वाचता आली, अर्थ लागला नाही.

चार महिन्यांनी सातजणांना घरी पाठवलं. युसुफ आपली बॅग घेऊन शिडीपाशी आला तेव्हा त्याला थांबवलं. त्या कागदाने तो जहाजाचा राखणदार झाला होता. जहाज विकलं जाईपर्यंत किंवा दुसरा राखणदार मिळेपर्यंत त्याने खाली उतरायचं नव्हतं. पासपोर्ट बंदराच्या पोलिसांकडे होता.

सातांपैकी गुहागरचा दीपक फेब्रुवारीत राजिवड्यात युसुफच्या बायकोकडे, शरीफाकडे येऊन गेला. युसुफने दिलेली कपड्यांची पिशवी त्याने ओट्यावर ठेवली. "वहिनी, दोन आठवड्यांत येईल बघा तो," म्हणाला. चहा अर्धाच पिऊन उठला.

जून उजाडला तरी युसुफ आला नव्हता.

दर शुक्रवारी पाण्याचे कॅन घेऊन एक लाँच जहाजावर जायची. लाँचवाला युसुफचा फोन चार्ज करून द्यायचा. मग दुपारी फोन यायचा. शरीफा कोळंबी सोलण्याच्या कारखान्यात कामाला होती. शुक्रवारी ती फोन प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून गळ्यात अडकवायची, कारण ओल्या हातमोज्यांनी तो खिशातून निघत नसे. वाजला की मागच्या दाराशी पळायची.

सुरुवातीला युसुफ खूप बोलायचा. जनरेटर बंद पडलाय, केबिनमध्ये भट्टीसारखं होतं, म्हणून डेकवर झोपतो. "समोर शहर दिसतं शरीफा. गाड्या दिसतात. किनाऱ्यावर पोरं फुटबॉल खेळतात, कोणी गोल केला तेपण कळतं. पोहत गेलो तर पळाला म्हणून धरतील. बसून राहिलो तर कोणी इचारीत नाय." पुढे पुढे तो कमी बोलू लागला. जेवलात का विचारलं तर नुसतं हं म्हणायचा.

शरीफाची शाळेतली मैत्रीण अक्षया मारुती मंदिराजवळ ई-सेवा केंद्र चालवायची. दोघींनी दूतावासाला लिहिलं. उत्तर आलं, विषय कोर्टात आहे. कंपनीच्या एजंटाला लिहिलं, उत्तर आलं नाही. मग अक्षयाला एक आंतरराष्ट्रीय संस्था सापडली. जगभरात जहाजांवर सोडून दिलेल्या खलाशांची यादी ती ठेवायची आणि त्यांच्या हक्कांसाठी त्या त्या देशांशी बोलायची. यादीत जहाजाचं नाव मिळालं तेव्हा शरीफा खुर्चीतून उठलीच.

"काय लिहिलंय?"

अक्षयाने दोनदा वाचलं. "खलाशी आठ. परत पाठवले. प्रकरण मिटलं."

"मिटलं म्हणजे?"

"म्हणजे त्यांच्या लेखी बंद."

"अगं, सातच आले ना?"

अक्षयाने तसं पुन्हा पुन्हा कळवलं. प्रत्येक वेळी एकच ठरलेलं उत्तर यायचं: हे प्रकरण बंद झालेलं आहे, आपल्या पत्राबद्दल आभार.

त्या पावसाळ्यात शरीफाला सगळ्यांची तोंडं नको झाली. कोणी म्हणे युसुफने तिकडे दुसरं लग्न केलं असेल. जावेने विचारलं, न वाचता सही करतं का कोणी? शरीफा तिच्याशी भांडली. पण तोच प्रश्न तिच्या पोटात बसला, आणि एका शुक्रवारी कारखान्याच्या मागच्या दाराशी उभी असताना तो बाहेर पडला.

"सही केलीतच कशाला? बाकी सात होते ना?"

 युसुफ म्हणाला, "लाँच निघाली," आणि फोन बंद झाला.

पुढच्या शुक्रवारी फोन आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. तिने लावला तर नुसती रिंग वाजायची. तो जिवंत आहे एवढंच लाँचवाल्याने मोडक्या हिंदीत कळवलं. शरीफा घरात या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत फिरायची. तिथे तो एकटा, आणि त्या एकटेपणात आपलं वाक्य त्याच्या सोबतीला ठेवलं, असं तिला वाटायचं.

सप्टेंबरात अक्षयाने तिला बोलावून घेतलं. त्याच संस्थेने आपलं काम कसं सुधारता येईल यावर सूचना मागवल्या होत्या. ऑनलाइन सुनावणी होती, प्रत्येकाला तीन मिनिटं. फॉर्मवर बोलणारा कोण ते निवडायचं होतं: सरकार, जहाजमालकांची संघटना, कामगार संघटना, इतर.

"घरच्यांसाठी रकाना नाय?"

"नाही. इतर."

"मग इतर लाव."

सुनावणीच्या दिवशी दुपारी साडेचारला दोघी केंद्राचं शटर अर्धं ओढून कॉम्प्युटरसमोर बसल्या. पडद्यावर वीसेक चौकोन होते, बहुतेक काळे. मराठीचा दुभाषा नव्हता. शरीफाने बोलायचं, अक्षयाने इंग्रजीत सांगायचं, आणि वेळ तीनच मिनिटं.

नाव पुकारलं तेव्हा शरीफाला पाठ केलेलं काहीच आठवेना.

"तुम्ही जहाजांची यादी करता," ती म्हणाली. "माणसांची करा. आठातले सात आले. माझा नवरा तिथंच हाय. बंद करायच्या आधी कोणी त्याला विचारलं होतं?"

अक्षयाने ते सांगितलं. सुनावणीच्या अध्यक्ष बाईंनी कागद चाळले. नोंद कंपनीच्या एजंटाच्या पत्रावरून बंद झाली होती, असं त्यांनी सांगितलं. जहाजावरच्या माणसाशी संपर्क करण्याची पद्धत नव्हती.

अक्षयाने भाषांतर संपवायच्या आत शरीफाने फोन काढून नंबर लावला होता. पडद्याच्या कोपऱ्यातल्या घड्याळात चाळीस सेकंद उरले होते. रिंग वाजत राहिली. ती मनात म्हणत होती, उचला, माझ्यावरचा राग ठेवा, पण उचला.

"शरीफा?"

तिने फोन कॉम्प्युटरजवळ नेला. "इथं बायका-पुरुष बसलेत मोठ्या कचेरीतले. त्यांना सांगा, तुम्ही कुठं आहात."

युसुफ खाकरला. महिनाभर कोणाशी धड बोलला नसावा, असा त्याचा आवाज फुटत होता. "मी जहाजावर हाय. एकटा. आज धरून दोनशे सव्वीस दिवस झाले."

अक्षयाने सांगितलं. वेळ संपला होता, पण बाईंनी माइक बंद करायला लावला नाही. त्यांनी त्याचं पूर्ण नाव विचारलं आणि लिहून घेतलं.

अकरा दिवसांनी यादीतली ओळ बदलली: प्रकरण चालू, एक माणूस जहाजावर. तेवढ्याने युसुफ सुटला नाही. संस्थेने त्या देशाला पत्र लिहिलं, पण कोर्टाच्या तारखा पडत राहिल्या. तिथल्या खलाशांच्या संघटनेने किनाऱ्यावर राहणारा एक माणूस राखणदार म्हणून द्यायचं कबूल केलं, कोर्टाने त्यावर आणखी तीन महिने घेतले. शुक्रवारचे फोन मात्र पुन्हा सुरू झाले. पहिल्याच फोनवर शरीफा म्हणाली, "ते मी बोलायला नको होतं." युसुफ म्हणाला, "मीपण स्वतःला तेच इचारीत होतो."

जानेवारीत तो आला. खूप वाळला होता. घरात बसवत नाही म्हणून दिवसभर राजिवड्याच्या गल्ल्यांतून चालत राहायचा, आणि दमला की जिथे असेल तिथेच दगडावर टेकायचा.

आठवड्याने परदेशातून फोन आला. सोबत हिंदी बोलणारा दुभाषा होता. संस्थेने नवा नियम केला होता, आता शेवटच्या माणसाला स्वतः विचारल्याशिवाय कुठलीही नोंद बंद करायची नव्हती. तुम्ही घरी पोचलात ना, दुभाष्याने विचारलं, मग प्रकरण बंद करायचं का?

युसुफ फोन कानाला लावून दारापर्यंत गेला, परत आला. शरीफा भाकरी तव्यावर टाकून तशीच उभी राहिली.

"आज नको," तो शेवटी म्हणाला. "पुढच्या सोमवारी परत इचारा."

दुभाष्याने ते पलीकडे सांगितलं. मग म्हणाला, "ठीक आहे. सोमवारी फोन करतो."