मेहुण्याचा सिनेमा

"तुम्ही सत्काराला येणार नसाल तर मी एकटी जाईन," बायको म्हणाली. वॉशिंग मशीनच्या पोटात कोपरापर्यंत हात घालून बसलेल्या मेकॅनिकने जोरात पट्टा ओढला.

सत्कार मेहुण्याचा, म्हणजे तिच्या भावाचा होता. मेकॅनिक तरुणपणी एका पॉप ग्रुपमध्ये ड्रम वाजवायचा. गाणी बरी चालली होती, तेवढ्यात गायकाच्या डोक्यात सिनेमा शिरला. गोष्ट नाही, नायिका नाही. चौघांनी डोक्यावर गोणपाट घालून दीड तास एका कोरड्या पोहण्याच्या तलावात वाजवत हिंडायचं! "लोक खुर्च्या फेकतील," असं म्हणत मेकॅनिक ग्रुप सोडून आला. गाणी तोवर रेकॉर्ड झाली होती. गोणपाटाखाली कोणीही चालणार होतं, म्हणून त्यांनी याच्या मेहुण्याला उभं केलं. त्याला काठ्या धड धरताही येत नव्हत्या.

सिनेमा सपाटून आपटला. मेकॅनिक आठवडाभर खुशीत होता. मेहुण्याचं नाव त्याने 'गोणी' ठेवलं आणि प्रत्येक लग्नकार्यात चारचौघांत त्याच नावाने हाका मारल्या.

आणि आता कॉलेजातल्या पोरांनी तोच सिनेमा डोक्यावर घेतला होता. दर महिन्याला खेळ, प्रत्येक खेळ हाऊसफुल्ल, आणि बघायला येताना प्रत्येकाच्या डोक्यावर गोणपाट.

"इतकी वर्षं हसलात त्याला," बायको म्हणाली, "आज जरा टाळ्या वाजवा."

"ड्रम कोणी वाजवले? मी! आणि हा आयत्या बिळावर नागोबा!"

"मग उठून सांगा तिथे."

"सांगतोच!"

थिएटरात तो कडेच्या खुर्चीवर बसला. पडद्यावर मेहुणा हात हलवत होता आणि ड्रम घुमत होते, मेकॅनिकचे स्वतःचे, विशीतले. अख्खं थिएटर त्यावर पाय आपटत होतं. जळफळत तो खुर्चीच्या काठावर सरकला. दिवे लागताच तो अर्धवट उठला, पण माईक आधी मेहुण्याच्या हातात गेला.

"एक सांगायचंय. ड्रम माझ्या भावोजींनी वाजवलेत. मी नुसता हात हलवत होतो. ते बघा, ते उभे आहेत ना, तेच."

सगळी गोणपाटं वळली. टाळ्यांचा कडकडाट झाला.

"मग तुम्ही सिनेमात का नाही, काका?" एका मुलीने विचारलं.

"मला वाटलं... लोक हसतील."

"हसले की!" मेहुणा म्हणाला. "पुष्कळ हसले." त्याच्या आवाजात राग नव्हता. सगळे खो-खो हसले.

मान मिळाला, पण तोही मेहुण्याने दिलेला. जळायलासुद्धा जागा ठेवली नाही लेकाने. टाळ्या थांबेनात, म्हणून त्याने शेजारी बायकोकडे पाहिलं. ती डोळे पुसत होती, पुन्हा टाळ्या वाजवत होती, आणि तिचं तोंड स्टेजकडे होतं.