अमावस्येची मोजणी

१३ एप्रिल १९९२, सोमवार, सकाळचे अकरा वाजून दहा मिनिटं. टँकरची यादी टाइप होऊन आली. पालमजवळच्या खडकवाडीचं नाव तीत नव्हतं.

ते नाव हेमाच्या प्रोग्रामनं गाळलं होतं. पाण्याच्या नोंदी ठेवणाऱ्या परभणीतल्या एका कचेरीत ती सांख्यिकी सहायक होती. गावोगावचे निरीक्षक महिन्यातून एकदा विहीर मोजून आकडा धाडत. आकडे फार उड्या मारत. तिचा प्रोग्राम प्रत्येक तारखेच्या आसपासचे आकडे घेई, जवळच्याला जास्त वजन देई, लांबच्याला कमी, आणि त्यांतून लहानशी रेघ बसवी. सगळ्या रेघा मिळून एक नितळ वळण होई. त्यापासून फारच लांब पडलेल्या आकड्याचं वजन शून्य. खडकवाडीच्या छत्तीसांपैकी सहा आकडे असे बाद झाले. वळणाच्या हिशेबानं विहिरीत नऊ फूट पाणी होतं. टँकर मिळे तो पाणी पाच फुटांच्या खाली गेलं तरच.

दुपारी गावाचा निरीक्षक लिंबाजी एसटीनं येऊन थडकला. पन्नाशीचा माणूस, टोपीनं घाम पुसत उभाच राहिला.

"बाई, तुमच्या मशीनला तहान लागत न्हाई वाटतं. हिरीत दीड फूट पाणी हाय."

हेमानं त्याच्याच नोंदी पुढं ठेवल्या. गेल्या मोजणीला नऊ फूट कुणी लिहिलं होतं?

"म्याच. खोटं न्हाई ते. अमुश्याला मोजलं."

"अमावस्येलाच का, मामा?"

"त्या दिशी औत जुपत न्हाईत, मोटारी बंद. मला बी सवड. येरवी हिरीवर चार मोटारी चालू, दोर कुठं सोडू?"

हेमानं भिंतीवरच्या कॅलेंडरशी तारखा ताडून पाहिल्या. तीस नोंदी अमावस्येच्या, म्हणजे दिवसभर विसावलेल्या पाण्याच्या. बाद झालेल्या सहा नोंदींच्या अमावस्यांना, त्यानंच आठवून सांगितलं, लिंबाजी लेकीकडे गेला होता आणि परतल्यावर मोटारी चालू असतानाच मोजलं होतं. गाव रोज जे पाणी बघत होतं, ते त्या सहा आकड्यांत होतं. तिनं तेच पुसले होते.

कार्यालयप्रमुख विष्णुपंतांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. अहवालावर त्यांची सही होती. मोटारी बंद ठेवा म्हणावं, असं म्हणून त्यांनी आधी विषय झटकला. मग चष्मा काढला.

"हेमाताई, अमावस्या काय एकट्या खडकवाडीतच असते?"

यादीसाठी एक्केचाळीस गावं याच प्रोग्राममधून गेली होती. त्याच दुपारी हेमानं बाकीच्या चाळीस निरीक्षकांना एसटीच्या कंडक्टरांहाती पत्रं धाडली: कोणत्या दिवशी मोजता? खडकवाडीसाठी दुरुस्तीचा वेगळा अर्ज केला. लिंबाजी शेवटच्या गाडीनं परतला.

गुरुवारी संध्याकाळपर्यंत अकरा उत्तरं आली. नऊ जणांनी लिहिलं होतं, अमावस्येला. अर्जावर आवक क्रमांक पडला होता, शेरा नव्हता. टँकर जुन्या यादीप्रमाणे सुटले.