फास सोडवला त्या सकाळी

मित्रांनो, माझा हिरवा रंग उन्हाने विटला आहे आणि सुरू होताना मी जरा आढेवेढे घेते. चालायचेच! पर्यटकांना जंगल दाखवणारी उघडी जीप आहे मी. कारखान्यातून थेट जंगलाच्या फाटकाशी आले आणि शिकारीकाकांच्या हाती पडले.

हो, शिकारीकाकाच! तरुणपणी ते तारेचे फास लावून जनावरे धरत. पुढे पर्यटक येऊ लागले, आसपासच्या लोकांना कामे मिळाली, तेव्हा त्यांनी फास लावणे सोडून माझे स्टिअरिंग धरले.

एका सकाळी माझ्यात एक आजोबा, त्यांच्या दोन नाती आणि वाट दाखवणारी गाइडताई होती. अचानक ताई कुजबुजली, "काका, थांबा! उजवीकडे!"

झुडपांतून बिबट्याची मादी बाहेर आली. मागून दोन पिल्ले! माझा तर बॉनेटपासून मागच्या दिव्यांपर्यंत थरकाप झाला. नातींनी कॅमेरे उचलले. पण काकांचा चेहरा उतरला.

"ताई, पुढचा पाय बघा. तार रुतलीय. अशी लंगडत राहिली तर शिकार कशी करणार? पिल्लं उपाशी मरतील."

ताईने वायरलेसवरून जनावरांच्या डॉक्टरला बोलावले. "तोवर हिच्यावर नजर ठेवायला हवी. तुमची फेरी मात्र बुडेल, आजोबा."

"बुडू दे!" आजोबा म्हणाले. "आधी तिला सोडवा."

मग काय! मी दबक्या आवाजात, अंतर राखून तिच्या मागे निघाले. ती गवतात दिसेनाशी झाली, तरी काकांनी तीन पायांचा माग सोडला नाही. अखेर डॉक्टर आली. भुलीचे इंजेक्शन नेमके लागले. पक्कड मात्र काकांनी मागून घेतली. ते तिच्या पायाशी गुडघ्यांवर बसले.

"असले फास मीच शिकलो होतो बांधायला," ते पुटपुटले आणि त्यांनी तार तोडली.

दुपारी मादी उठली, धडपडली, सावरली. पिल्ले धावत तिला बिलगली. माझ्यात बसलेल्या चौघांना टाळ्या वाजवता येईनात, म्हणून ती सगळी एकमेकांचे हात दाबत राहिली!

पुढे नव्या गाड्या आल्या. मी छपरीत धूळ खात पडले, उंदरांनी माझ्या सीट कुरतडल्या. एके दिवशी काका आले. "चल गं, कामाला!" पर्यटकांच्या तिकिटांच्या पैशांतून फास शोधणारे पथक उभे राहिले होते. आता रोज पहाटे आम्ही रानोमाळ हिंडतो.

मित्रांनो, जंगलात जरूर या. गाडीतून उतरू नका, आरडाओरडा करू नका. आणि एखादे जनावर लंगडताना दिसले, तर फोटो काढण्याआधी गाडीवाल्या काकांना सांगा.