सत्तावन्न सालची ढाल

“स्वल्प थांब की अक्का, आधी चहा घे,” म्हणत पिराजी अण्णांनी टेपरेकॉर्डर तिसऱ्यांदा बंद करायला लावला.

बंगळूरच्या यशवंतपूर भागातल्या त्यांच्या दोन खोल्यांत मी सकाळपासून ठाण मांडून होते. त्यांच्या बेळगावच्या जुन्या संघाला पन्नास वर्षं होत होती. हयात हुतुतूपटूंच्या आठवणी कॅसेटवर उतरवायचं काम इथेच कॉम्प्युटर कंपनीत नोकरी करणाऱ्या माझ्या गळ्यात पडलं होतं. बाकीचे म्हातारे एकदा सुरू झाले की आवरत नसत. हे मात्र सत्तावन्नची अंतिम लढत आली की चहा काढत. आणि मी तर त्या लढतीसाठीच आले होते. शेवटच्या चढाईत, एका दमात तिघांना बाद करून अण्णा परतले आणि ढाल जिंकली, असं सगळे सांगत.

“सांगा की ओ. पोरगी किती लांबनं आलीया,” त्यांच्या पत्नी महानंदाकाकू म्हणाल्या. हरलेल्या संघाचा कप्तान मालोजी त्यांचा सख्खा भाऊ. त्यानंतर तो कधी खेळला नाही. गेल्या वर्षी वारला.

अण्णांनी बटण स्वतःच दाबलं.

“माझा दम मधल्या रेषेला पोचायच्या आधीच तुटला होता. श्वास घेतला मी. लोकांच्या आरड्यात पंचाला कळलं नाही. मी बाद होतो. ढाल मालोजीची.”

“पुसू का हे?” मी विचारलं.

“नको. चाळीस वर्षं झाली, आता राहू दे.”

“मला ठाऊक हाय,” काकू म्हणाल्या. “रेषेला लागूनच बसले होते मी.”

“आणि बोलली नाहीस?”

“कशी बोलणार? आठ दिवसांवर साखरपुडा होता आपला.” काकूंनी डोळ्यांना पदर लावला. “मालोजीदादा मरेपर्यंत म्हणायचा, तुझ्या नवऱ्यासारखा दम कुणाचा नाही.”

दोघांबद्दल मला फार माया वाटली. विषय बदलावा म्हणून, सगळ्यांना सांगते तसं, शेवटी एकदा दम धरून दाखवा म्हटलं.

पिराजी अण्णा दाराची चौकट धरून उभे राहिले. “हुतुतू, हुतुतू, हुतुतू, हुतु...” छाती भात्यासारखी हलली. मी बटणाकडे हात नेला, तो काकूंनी धरला. त्या माइकजवळ वाकल्या.

“दम तुटला. बाद,” त्या खणखणीत म्हणाल्या.

अण्णा निमूट बाजूला झाले आणि बाद झालेला गडी बसतो तसे भिंतीला टेकून खाली बसले. काकू पाण्याचा तांब्या घेऊन त्यांच्या शेजारी बसल्या.